चौतीस संगणक, चौतीस कारभार

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि अहमदनगर जिल्ह्याचं नाव सरकारदरबारी अहिल्यानगर झालं. आठवड्याभरात एका कार्यालयातून मला फोन आला. "सर, लेटरहेडवरचं नाव बदलायचंय, सगळ्या पीसीवर. कधी येता?" मी विचारलं, "लेटरहेड ठेवलंय कुठे?" पलीकडे जरा वेळ कोणी बोललं नाही. मग उत्तर आलं, "ज्याच्या त्याच्या पीसीवर."

या तीन शब्दांत आपल्या कार्यालयांच्या संगणकीकरणाची सगळी दशा आहे. हा लेख त्या तीन शब्दांविरुद्ध आहे.

त्या कार्यालयात चौतीस संगणक होते. एकावर लेटरहेड डेस्कटॉपवर होतं, ‘लेटरहेड फायनल नवीन २’ या नावाने. दुसऱ्यावर लेटरहेड नव्हतंच. मागच्या वर्षीचं पत्र उघडायचं, मजकूर खोडायचा आणि त्याच फाइलवर नवीन पत्र लिहायचं, अशी तिथली रीत. तिसऱ्याचं पेन ड्राइव्हमध्ये. चौथ्याने छापील लेटरहेड स्कॅन करून त्याचा फोटोच वर्डमध्ये चिकटवला होता, त्यामुळे त्यातलं एक अक्षर बदलायचीही सोय नव्हती. फाँट चार तऱ्हांचे: कुठे कृतिदेव, कुठे श्रीलिपी, कुठे आयएसएम, आणि मोजक्या टेबलांवर युनिकोड. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर ‘अहमदनगर’ दिसत असलं, तरी आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, तीही दर फाँटला वेगळी. त्यामुळे ‘शोधा आणि बदला’ला ते नाव सापडतच नाही, ते डोळ्यांनी शोधावं लागतं. मी आणि माझ्या हाताखालचा मुलगा तीन दिवस टेबलाटेबलाला फिरलो. फाइल उघडायची, नाव शोधायचं, बदलायचं, सेव्ह करायचं, पुढची फाइल.

फेब्रुवारीत त्याच कार्यालयातून पुन्हा फोन. एका वयस्कर बाईंचा दाखला दुसऱ्या कार्यालयाने परत पाठवला होता. वर अहिल्यानगर, सहीखालच्या शिक्क्याच्या ओळीत अहमदनगर. ज्या टेबलावरून तो दाखला निघाला, तिथल्या मॅडम आम्ही गेलो तेव्हा रजेवर होत्या आणि त्यांचा पीसी बंद होता. नंतर त्यांनी शेजारच्या टेबलावरून नवीन लेटरहेड आणलं आणि आपल्या जुन्या मजकुराच्या वर चिकटवलं. त्यांची चूक काय? त्यांनी हाती होतं त्यातून काम चालवलं. पण त्या बाई तालुक्याच्या गावाहून एसटीने दोन हेलपाटे मारून गेल्या, ते एका ओळीपायी.

हे नामांतर काही रात्रीत झालेलं नव्हतं. चौंडीला घोषणा झाली ती ३१ मे २०२३ रोजी. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. केंद्राची मंजुरी ऑक्टोबरमध्ये. सोळा महिने हातात होते. शेजारच्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्येच झालं होतं. तिथे काय गोंधळ उडतो हे पाहून शहाणं होता आलं असतं. पाट्या वेळेत रंगल्या. ज्या यंत्रांतून रोजचा कागद बाहेर पडतो, त्यांचा विचार मी पाहिलेल्या एकाही कार्यालयाने आधी केला नाही.

गेली बावीस वर्षं मी नगर, पाथर्डी, शेवगाव, नेवासा या भागात कार्यालयांचे आणि संस्थांचे संगणक सांभाळतो. सरकारी कचेऱ्या, पतसंस्था, शाळा, दूध संस्था, सगळं पाहिलं. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. संगणकातली सेटिंग ही कारकुनाची खासगी आवड नाही, तो कार्यालयाचा आदेश आहे. आदेश एका जागी निघतो, सगळीकडे लागू होतो आणि त्याच्याखाली कोणाची तरी सही असते. ज्या कार्यालयात हे होत नाही, तिथे संगणक आहेत, पण कार्यालयाचं संगणकीकरण झालेलं नाही.

आणि हे मी नगरच्या लोकांना सांगावं लागतंय याची मला जास्त चीड आहे. कारण कार्यालयीन शिस्तीचा धडा या राज्याने याच शहराकडून घेतला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखीना इथे जिल्हाधिकारी होते. वर्षानुवर्षं साचलेली दप्तरं त्यांनी उपसायला लावली. ठेवायचं ते वर्गवारी करून अभिलेख कक्षात गेलं, मुदत संपलेलं नियमाप्रमाणे नष्ट झालं. कोणत्या टेबलाचं काम काय, हे लिहून ठेवलं गेलं. बसायची व्यवस्था बदलली आणि आलेल्या माणसाला दारोदार फिरावं लागू नये अशी सोय झाली. प्रशासनाच्या अभ्यासात त्याला ‘अहमदनगर प्रयोग’ म्हणतात, कचेरीच्या बोलीत ‘लखीना पॅटर्न’. त्याच शिस्तीतली सहा गठ्ठे पद्धत आजही नव्या कारकुनाला शिकवतात: चालू प्रकरणं वेगळी, प्रतीक्षेतली वेगळी, नियतकालिकं वेगळी, अभिलेख कक्षात जायची वेगळी, नष्ट करायची वेगळी, आणि एक गठ्ठा स्थायी आदेशांचा.

त्या सहाव्या गठ्ठ्यावर बोट ठेवतो. स्थायी आदेशांची संचिका कशासाठी असते? माणूस बदलला, टेबल बदललं, बदली झाली, निवृत्ती झाली, तरी काम त्याच रीतीने चालावं म्हणून. कालपर्यंत कसं करत होतो, ते नव्या माणसाला कोणाला विचारावं लागू नये म्हणून. कागदाच्या काळात ही अक्कल आपल्याला होती. टेबलावर संगणक आला आणि आपण ती संचिका कपाटात ठेवून कुलूप लावलं. आज जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांत आणि तेराशेहून जास्त ग्रामपंचायतींत हजारो संगणक चालू आहेत. त्यांनी कागद कोणत्या मापाचा धरावा, तारीख कशी वाचावी, मराठी कोणत्या फाँटमध्ये उमटवावी, हे सांगणारा लेखी आदेश मला फारच थोड्या ठिकाणी दिसला.

यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. सेटिंग म्हणजे बारीकसारीक गोष्ट. तेव्हा बारीकसारीक गोष्ट काय करते ते सांगतो.

एका दूध संस्थेतून सकाळी बोलावणं आलं. दहा दिवसांचं पेमेंट बँकेतून परत आलं होतं, सगळ्यांचं नाही, सत्तावीस जणांचं. मी यादी उघडून बसलो. काउंटरपलीकडे एक उत्पादक पासबुक घेऊन उभे होते. मी म्हटलं, "काका, खाते नंबर वाचा." त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. पंधरा आकडे माझ्या शीटशी जुळले. सोळावा त्यांनी वाचला सात. माझ्या शीटमध्ये शून्य. दुसऱ्याचा नंबर घेतला, तिथेही शेवटी शून्य. सत्तावीसही खाती सोळा आकडी आणि सत्तावीसही शून्यावर संपणारी.

एक्सेल आकड्याचे पंधराच अंक खरे ठेवतं. सोळावा आला की त्याजागी शून्य टाकतं आणि कोणाला सांगत नाही. खाते क्रमांक हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नाही, तो नावासारखा मजकूर आहे, हे त्या रकान्याला आधी सांगून ठेवावं लागतं. नंबराच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही असंच गळतं. सचिवांच्या पीसीवरच्या शीटमध्ये हा रकाना व्यवस्थित केलेला होता. ते आजारी पडले, त्यांच्या जागी बसलेल्या मुलाने दुसऱ्या पीसीवर नवी शीट केली. संस्थेची अक्कल सचिवांच्या पीसीत अडकून पडली होती, ती संस्थेची झालीच नव्हती. काका मला म्हणाले, "पेंडीवाल्याला आज द्यायचे होते हो." मला उत्तर देता आलं नाही.

आकड्यांच्या या खोडीने भल्याभल्यांना रडवलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या यादीतून कोरोनाचे जवळजवळ १६ हजार रुग्ण गळले, कारण फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात सेव्ह होत होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. त्याच वर्षी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने काही मानवी जनुकांची नावं बदलल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्या नावांना तारीख समजून बदलून टाकत होतं. फाइल कोणत्या प्रकारात सेव्ह व्हावी आणि टाइप केलेल्याचं आपोआप काय व्हावं, ही दोन्ही सेटिंगचीच कामं. ती एकदा ठरवायची असतात. आपण ती नशिबावर सोडतो.

तारखेचंही तेच. विंडोज बसवताना ज्याने प्रदेश म्हणून अमेरिका राहू दिली, त्याच्या यंत्रावर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल नव्हे, चार मे होतो. आणि १३/०४ लिहिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ती तारीखच राहत नाही, नुसता मजकूर होतो. एकाच रकान्यात निम्म्या तारखा उलट्या, निम्म्या मुक्या. अशी यादी तारखेप्रमाणे लावली की मागचा अर्ज पुढे येतो आणि पुढचा मागे जातो. रांगेत न्याय देणाऱ्या कार्यालयाने ही यादी वापरली तर अन्याय कोणी जाणूनबुजून केला नाही, पण झाला. त्याच अमेरिकेच्या सेटिंगवर कागदाचं माप ए-फोर न राहता लेटर राहतं. तो कागद आपल्या ए-फोरपेक्षा आखूड असतो. मग पत्राची शेवटची ओळ, म्हणजे बरोबर सहीची ओळ, दुसऱ्या पानावर जाते. एका पानाचं पत्र दोन पानांचं होतं आणि सही एकटी कोऱ्या कागदावर उभी राहते. अशी एकटी सही किती धोक्याची, हे कचेरीत काम केलेल्याला सांगायला नको.

आता मराठीकडे येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मराठी भाषा विभागाने वर्णमालेबद्दल शासन निर्णय काढला. ‘ल’ आणि ‘श’ कोणत्या वळणाचे लिहायचे, हेही त्यात ठरवून दिलं. चांगलं केलं. पण ते वळण कागदावर उमटणार कसं? ज्या युनिकोड फाँटमध्ये मराठीची वेगळी सोय आहे, त्यात मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तर मराठी वळणाचा ‘ल’ येतो, आणि ‘हिंदी’ निवडली तर तेच बटण दाबून हिंदी वळणाचा. बहुतेक पीसीवर मला भाषा हिंदी निवडलेली दिसते, कारण बसवणाऱ्याने देवनागरी दिसलं तिथे टिचकी मारली. मग बऱ्याच मराठी शब्दांखाली लाल रेघ येते, कंटाळून लोक शुद्धलेखन तपासणीच बंद करतात, आणि मराठी राज्याच्या पत्रात ‘जिल्हाधीकारी’ छापून जातं. शासन निर्णय मंत्रालयात निघाला, टेबलापर्यंत पोचलाच नाही, कारण मधला दुवा म्हणजे ती सेटिंग, आणि ती कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

पदनामांचंही तेच चाललंय. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी, कोतवाल महसूल सेवक, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी. दर बदलाला पुन्हा टेबलाटेबलाला फेरी. कागद तेच जुनं पद सांगत राहतो.

सगळ्यात धोक्याचं शेवटी. एका संस्थेत मी वर्ड आणि एक्सेलची सुरक्षा तपासली. जवळजवळ सगळ्या पीसीवर ‘सर्व मॅक्रो चालू द्या’ यावर खूण. मॅक्रो म्हणजे फाइलच्या आत लिहिलेला छोटा प्रोग्राम. का? तर कोणे एके काळी केलेली एक वसुलीची शीट मॅक्रोशिवाय चालत नव्हती. एका शीटसाठी घराचे सगळे दरवाजे उघडे टाकले. २०१६ मध्ये लॉकी नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो ईमेलने आलेल्या वर्ड फाइलमधल्या मॅक्रोतूनच. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवायचे, असं मायक्रोसॉफ्टने ठरवून २०२२ मध्ये अमलात आणलं. पण आपल्याकडे चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांना त्याचा पत्ता नाही. उपाय अवघड नव्हता. ती एक शीट एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, तेवढ्या फोल्डरवर विश्वास ठेवायला सांगायचं, बाकी सगळं बंद. पण ‘सांगायचं’ म्हणजे कोणी? आणि किती टेबलांवर जाऊन?

इथेच मुद्दा येतो. टेबलावर जायची गरजच नाही. विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसी नावाची सोय २००० सालापासून आहे. कार्यालयातले संगणक एका सर्व्हरशी जोडलेले असले की एका जागी बसून नियम लिहायचा: लेटरहेडचे नमुने या सामाईक फोल्डरमधून घ्या, फाइल या प्रकारात सेव्ह करा, इंटरनेटवरून आलेले मॅक्रो अडवा, तारीख भारतीय पद्धतीने वाचा. संगणक सुरू होताना आणि नंतर साधारण दर दीड-दोन तासांनी तो नियम स्वतः तपासून घेतो. मॅडम रजेवर असल्या तरी त्या परत आल्या की त्यांचा पीसी सुरू होताच नियम लागू होतो. ऑफिससाठी लागणाऱ्या नियमांचे साचे मायक्रोसॉफ्ट फुकट देतं. ज्यांना मायक्रोसॉफ्टचे पैसे भरायचे नाहीत, त्यांच्यासाठी लिब्रे ऑफिस आहे. त्यात एका फाइलमध्ये सगळी ठरलेली सेटिंग लिहून ती प्रत्येक संगणकावर ठेवता येते आणि हवी ती सेटिंग कुलूपबंदही करता येते. लेटरहेड सामाईक फोल्डरमध्ये एकच असतं, तर नामांतराच्या दिवशी तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत झालं असतं.

हे नुसतं स्वप्न नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने लिब्रे ऑफिसच्या आधीच्या ओपन ऑफिसवर असताना पत्रांचे नमुने, कर्मचाऱ्याचं नाव, विभागाचा पत्ता हे सगळं एका जागेवरून भरणारी व्यवस्था स्वतः बनवून घेतली होती. आपल्याच देशात केरळने शाळांसाठी एकच संच बनवला, मल्याळमसकट सगळं आधीच लावून ठेवलेला, आणि तोच राज्यभरच्या शाळांत वापरला. शिक्षकाने फाँट शोधत बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. आपण एमएस-सीआयटी सक्तीची केली, म्हणजे प्रत्येकाला आपापली सेटिंग बदलता यावी असं शिकवलं. सगळ्यांची एकच कशी ठेवायची, ते कोणालाच शिकवलं नाही.

मग हे होत का नाही? माझ्या अनुभवात तीन कारणं दिसतात आणि तिन्हींना मी नावं ठेवतो.

पहिलं, खरेदी. कार्यालयं स्वस्तातला पीसी घेतात आणि त्यावर विंडोजची होम आवृत्ती येते. होम आवृत्ती सर्व्हरच्या नियमांत सामील होतच नाही. निविदेत एक ओळ लिहायची राहिली आणि पुढची पाच वर्षं हातपाय बांधले गेले. ती ओळ लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही.

दुसरं, साहेब. जिथे जिथे मी नियम लावायचा प्रयत्न केला, तिथे पहिली सूट साहेबांच्या पीसीला मागितली गेली. "साहेबांच्या मशीनला हात लावू नका." सगळ्यात महत्त्वाची पत्रं त्याच मशीनवर, बाहेरची मेल त्याच मशीनवर, आणि कुलूप तेवढं त्याच मशीनला नाही. नियम वरून सुरू झाला नाही तर खाली तो नियम राहत नाही, जाच होतो.

तिसरं, आमचा धंदा. हे मी मान खाली न घालता लिहितो. आम्हा देखभालवाल्यांना फेरीमागे पैसे मिळतात. फाँट उडाला, या. प्रिंट कापली जाते, या. लेटरहेड बदलायचं, या. फॉरमॅट मारा आणि सगळं पुन्हा बसवा. चौतीस संगणक चौतीस तऱ्हांनी चालतात म्हणून आमची घरं चालतात. कार्यालयाने एका जागेवरून कारभार सुरू केला तर माझ्या फेऱ्या निम्म्यावर येतील. येऊ देत. त्या काकांच्या पासबुकातला सात मी शून्य होताना पाहिलाय. त्या शून्यावर मला पोट भरायचं नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे. सगळं एका जागी आलं तर तिथली एक चूक सगळ्यांना बुडवेल. बरोबर आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने एक सदोष अद्ययावत फाइल सोडली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानतळांवर लोक अडकले. पण यातून शिकायचं ते हे, की नियम आधी दोन पीसीवर लावा, आठवडाभर पाहा, मग दहावर, मग सगळ्यांवर. आणि मागे घ्यायची वाट आधी तयार ठेवा. चूक एका जागी असली तर एका जागी दुरुस्तही होते. चौतीस जागी विखुरलेली चूक सापडतच नाही, ती दाखला परत आल्यावर कळते.

दुसरा आक्षेप माझ्या ओळखीच्या एका कारकून ताईंनी घेतला. "भाऊ, माझा हात रेमिंग्टनवर बसलाय. इन्स्क्रिप्टची सक्ती केली तर मी दिवसाला दहा पत्रं करते ती तीन होतील." त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. कीबोर्डचा आराखडा हा बोटांचा प्रश्न आहे, तो ज्याचा त्याला ठरवू द्या. युनिकोड बाहेर पडल्याशी कार्यालयाचा संबंध, बोटं कुठे पडतात त्याच्याशी नाही. पडद्याचा रंग, अक्षराचा आकार, टूलबारची जागा, यातलं काही बांधू नका. चाळिशी लागलेल्या माणसाला अक्षर मोठं हवं असेल तर ते त्याचं हक्काचं आहे. बांधायचं ते तेवढंच, जे कार्यालयाबाहेर जाणाऱ्या कागदावर उमटतं किंवा कार्यालयाला धोक्यात घालतं. अशा गोष्टी मोजल्या तर दहाच्या आसपास निघतात. शंभर गोष्टी बांधणारा माणूस कारभार करत नाही, दहशत बसवतो, आणि मग लोक पेन ड्राइव्हवरून चोरवाटा काढतात.

एक जुनी गोष्ट आपल्याच परिसरातली आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, १२९० मध्ये. पुढे तीनशे वर्षं ज्याने त्याने आपापल्या हाताने नकला केल्या आणि प्रतीप्रतीत पाठ बदलत गेले. १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, हेही बजावलं. ग्रंथाला एक विश्वासाची प्रत लागते, आणि ती कोणीतरी जबाबदारी घेऊन करावी लागते, हे त्यांना कळत होतं. एका गावाहून दुसऱ्या गावाला पोथी पाठीवर नेण्याच्या काळात हे झालं. आपल्याला फक्त एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचंय, तेही तारेतून.

म्हणून कार्यालयप्रमुखांना, संस्थेच्या संचालकांना आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे. स्थायी आदेशांच्या संचिकेत एक पान घाला. त्यावर दहा ओळी लिहा: लेटरहेड आणि पत्रांचे नमुने कुठे असतील, मराठीसाठी युनिकोडच आणि भाषा मराठी, कागद ए-फोर, तारीख दिवस-महिना-वर्ष, फाइल कोणत्या प्रकारात, खाते क्रमांकाचे रकाने मजकुराचे, मॅक्रो बंद, आपोआप सेव्ह किती मिनिटांनी, पासवर्ड कोणाकडे, आणि हे सगळं पाहण्याची जबाबदारी कोणाची. शेवटच्या ओळीत पद लिहा, ‘संबंधितांनी’ असं लिहू नका. खाली सही करा आणि पहिला नियम स्वतःच्या पीसीला लावा. पाच संगणकांच्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला सर्व्हरही लागत नाही. हे पान आणि ते वाचून महिन्यातून एकदा पाचही यंत्रं तपासणारा संगणक परिचालक पुरतो. पुढच्या खरेदीत होम आवृत्ती नको, ही ओळ घाला. देखभालीचा करार फेरीवर करू नका, काम नीट चालण्यावर करा. माझ्याशीही.

आणि तुम्ही नागरिक असाल, संस्थेचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत किंवा कार्यालयात गेल्यावर एकच प्रश्न विचारा: आपलं लेटरहेड कुठे आहे? उत्तर एका दमात आलं तर त्या कार्यालयावर विश्वास ठेवा. "ज्याच्या त्याच्या पीसीवर" असं आलं, तर तुमच्या दाखल्यातली प्रत्येक ओळ आणि तुमच्या खात्याचा शेवटचा आकडा स्वतः तपासून घ्या.